तबकडीची परडी

कढत पाण्यात बुडवलेली ग्रामोफोनची तबकडी आधी काहीच करत नाही. मग हळूच तिची कड मान टाकते, काळ्याभोर अंगावरून एक लाट सरकते आणि बघता बघता ती ओल्या मांड्यासारखी लुळी होऊन हातावर येते... त्या क्षणी तिला उपड्या पातेल्यावर घालायचं, फडक्याने कडेला चुण्या पाडायच्या आणि वरून गार पाणी सोडायचं. झाली परडी. आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा घरोघरी अशा परड्या होत्या. कुणी त्यांत लसूण ठेवी, कुणी लोकरीचे गुंडे. पण त्या सगळ्या झिजून खरखरू लागलेल्या तबकड्यांच्या. मी दहाव्या वर्षी जी परडी केली, तिच्या तबकडीवर साधा चराही नव्हता.

हे सगळं वर आलं ते जावयामुळे. माझा येन्स हॅम्बर्गच्या बंदरात क्रेनच्या दुरुस्तीचं काम बघतो आणि शनिवारी टोकदार बूट, रुंद काठाची टोपी अशा थाटात अमेरिकी गुराख्यांच्या गाण्यांवर रांगेत नाचायला जातो. ‘निघाले आमचे घोडेस्वार,’ असं मी म्हटलं की तो मान हलवून ‘गेनाऊ’ म्हणतो — अगदी बरोबर! मराठी कळत नसलेला जावई ही मोठी सोय असते. तर गेल्या रविवारी, बाहेर इथला नेहमीचा तिरपा पाऊस आणि स्वयंपाकघरात दालचिनीचा ऊबदार दरवळ असताना, त्याने एक नवा अल्बम लावला. एका जुन्या, जगभर गाजलेल्या रॉक बँडला मानवंदना म्हणून कंट्री, म्हणजे त्या गुराखी ढंगाच्या, गायकांनी त्या बँडची गाणी आपल्या ढंगात गायली आहेत, असं लेकीने मला सांगितलं. मी केकसाठी सफरचंदं सोलत बसले होते. तिसरं गाणं सुरू झालं. संथ फिडल, त्यामागून तारांवरून घसरत येणारा गिटारचा तो ओला, लांबलचक हुंकार... आणि माझा हात थांबला. हे गाणं मी बंद दाराला कान लावून ऐकलं होतं. फक्त तेव्हा ते धावत होतं, आज ते चालत आलं होतं.

“आजी, वास इस्ट लोस?” नातीने, मीराने विचारलं. काय झालं?

“कांदा गं. झोंबला डोळ्यांना.”

ते सफरचंद आहे, असं तिने जर्मनमध्ये मला शांतपणे समजावलं. या पोरीला माझं मराठी सगळं कळतं, हीच तर पंचाईत आहे.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहत. ड्युटीवरून आले की बनियनवर व्हरांड्यात बसून गिटार छेडत घोड्यांची, तुरुंगांची आणि दूर राहिलेल्या आयांची कंट्री गाणी गात. कडुनिंबाचा मोहर, इंजिनांच्या कोळशाचा धूर आणि त्यांच्या घरातल्या व्हिनेगरचा वास अशा तिन्हींत भिजलेला तो आवाज आमच्या परसापर्यंत येई. त्यांचा मुलगा एरॉल आणि माझा दादा, शरद, हे जिवाभावाचे मित्र. एरॉलच्या बोटीवरच्या मामाने आणलेली त्या रॉक बँडची तबकडी एरॉलने दादाला वाढदिवसाला दिली आणि दोघं जणू पूजेला बसावं तसे खोलीचं दार लावून ती ऐकू लागले. गार्डसाहेबांना तो गोंगाट वाटे. पण एकदा दाढी करता करता त्यांनी ते गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “गाना बुरा नहीं है. बस, लड़के जल्दी में हैं. धीरे गाओ तो अपना ही है.” आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण एरॉल हसला होता.

हो, एरॉल. भुरे केस, सायकलवरून हात सोडून येणारा. दहा वर्षांच्या त्या शेंबड्या कुंदाने मनोमन ठरवून टाकलं होतं की हा आपल्याला गिटार शिकवणार, आपण दोन वेण्या सोडून एक घालणार आणि पुढचं पुढे. प्रत्यक्षात काय, तर दार लागायचं आणि आतून दादाचा आवाज यायचा — “कुंदे, पळ. तुझं काय काम इथे?” ते ‘काय काम’ मला फार लागलं. बयेचा अपमान झाला होता!

चैत्रात आईने गौरीचं हळदीकुंकू मांडलं. आराशीत, कैरीच्या कोयरीत, कलिंगडाच्या कमळात प्रत्येक घर दुसऱ्यावर मात करायला बघे. दादा प्रॅक्टिकलसाठी दोन दिवस जळगावला गेला होता. मी बंबातलं कढत पाणी घंगाळात काढलं, कव्हर जागच्या जागी ठेवून आतली तबकडी तेवढी काढली आणि... माझ्या हाताखाली ती मऊ होत गेली. मधल्या भोकावर आरसा चिकटवला, कागदी चकती चांदीच्या कागदाने झाकली, कडेला जर लावली. अशी परडी अख्ख्या कॉलनीत नव्हती. बायकांनी हळदीच्या बोटांनी माझे गाल ओढले. दादा परतला आणि त्याच परडीतले भिजवलेले हरभरे मूठभर उचलून, चावत चावत आपल्या खोलीत गेला.

कव्हर रिकामं होतं. आदल्या आठवड्यात एरॉलला खोलीत एकटं बसलेलं दादाने पाहिलं होतं... तेवढं पुरलं. कुंपणापाशी दादा म्हणाला, “दिलेली वस्तू परत न्यायची होती तर मागायचीस.” मी चार पावलांवर उभी राहून कैरीची फोड चोखत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, एकच. पण मग परडीचं कौतुक गेलं असतं.

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं. दादा स्टेशनवर गेला नाही. मी आईबरोबर गेले. गाडी हलली तेव्हा एरॉलने खिडकीतून वाकून माझी वेणी धरली आणि म्हणाला, “शरद को बोल, मैंने नहीं लिया.”

मी मान डोलावली. आणि पंचावन्न वर्षांहून अधिक काळ तो निरोप गिळून बसले. लग्न केलं, लेकीपाठोपाठ या देशात आले, नातीला खोटं बोलू नये म्हणून शिकवलं. धन्य माझी!

रविवारी दुपारी नाशिकहून दादाचा व्हिडिओ कॉल येतो. या रविवारी मी काही बोलायच्या आधी ते गाणं लावलं. त्याने डोळे मिटले. “गार्डसाहेब म्हणाले होते,” तो पुटपुटला, “धीरे गाओ...” मग मी सांगितलं. परडी, घंगाळ, आरसा, स्टेशन. एका दमात, थांबले असते तर पुन्हा गिळलं असतं.

त्याने विचारलं, “नेमकं काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग.”

मी सांगितले.

“पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितले. तो उठून गेला. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची आणि वर फिरणारा पंखा. परतला तेव्हा त्याच्या हातात ते कव्हर होतं — कडा उसवलेल्या, रंग उडालेला, पण पोटात काही नसलेलं ते कव्हर त्याने इतकी वर्षं सांभाळलं होतं. त्याने ते उलटं करून कॅमेऱ्यासमोर धरलं. निळ्या शाईत लिहिलं होतं, शरदला, एरॉलकडून. एवढंच.

“कुंदे, त्याचं आडनाव काय गं?”

मीरा माझ्या खांद्याशी फोन घेऊन तयारच होती. “नाखनामे, आजी?” आडनावाशिवाय शोधणार कसं, हे तिचंही बरोबर.

मला त्या परडीच्या जरीचा रंग आठवतो. चुण्या किती पाडल्या तेही आठवतं, बावीस. गालावरच्या हळदीचा वास आठवतो... आडनाव आठवत नाही. आम्ही त्याला ‘गार्डसाहेबांचा एरॉल’ म्हणायचो.

“आठवेल तुला,” दादा म्हणाला आणि कव्हर तसंच धरून बसला. मी मान डोलावली. फलाटावर डोलावली होती, तशीच.