पोटभर श्वास

कर्जत रस्त्यावरच्या माझ्या कापडदुकानामागे, तारेच्या कुंपणापलीकडे शाळेचं मैदान आहे. तिथल्या खेळाच्या बाई मला रोज दिसतात. साडीवर बूट, गळ्यात शिट्टी आणि बोलताना सारख्या टाचा उचलायची सवय. परवा सातवीच्या मुलींचा श्वासाचा व्यायाम चालला होता. एक मुलगी नुसतीच उभी होती.

"श्वास घे ना गं, खांब झालीस काय?"

"आमच्याकडं खोल घेत नाय, बाई. कारखान्याचा वास आला की आई सांगते, थोडा थोडाच घ्या."

माझ्या हातातली कात्री थांबली. वाटलं, बाईही हादरतील. त्यांनी फक्त नाक वर केलं, दूध नासलंय का बघावं तसं हुंगलं आणि म्हणाल्या, "आज वास नाय. घे, पोटभर घे."

सगळ्या वर्गाने आधी हुंगून पाहिलं, मगच श्वास घेतला.