गोह अंकलची कमी धुराची पावडर

आधी गोह अंकलचं नाव घेतो, मग माझं काय झालं ते सांगतो. सिंगापुरात माझे पाय टिकले ते या म्हाताऱ्या चिनी माणसामुळे. एका नेमबाजी क्लबात ते पिस्तुलाची काडतुसं भरायचं काम करायचे. त्यांचं-माझं ना नातं, ना भाषा. गावाकडं गेलो की लोक विचारतात, तिकडं कोण ओळखीचं होतं का रे तुझं? कोणी नव्हतं. म्हणून तर हे लिहायला बसलो. तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठीही.

निघालो ती दुपार होती. सातारच्या एसटी स्टँडवर अण्णा, आई, सुनंदा आणि तिच्या कडेवर आमची लेक. लेकीचं सगळं लक्ष माझ्या नव्या बुटांकडं. आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "गार वाऱ्याला छाती उघडी टाकू नको." तिला कारण होतं. नववीत शाळा सोडल्यापासून मी अण्णांबरोबर गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळण सारत आलो होतो, आणि तेव्हापासूनच माझ्या छातीत घरघर. अण्णा कायम सांगायचे, "चिपाड वाळलेलं बघून घाल. ओलं घातलंस तर धूर आपल्यालाच खायचाय." एसटी हलली आणि बघता बघता ती चौघं माझ्या खिडकीतून दिसेनाशी झाली.

इथं एका कंत्राटदाराच्या वर्क परमिटवर आलो. काम पत्र्याच्या डक्टचं, म्हणजे बंद हॉलमधली हवा बाहेर खेचणाऱ्या मोठ्या नळ्या बसवायच्या. गोह अंकलच्या क्लबातले जुने डक्ट आम्ही उतरवले आणि नवे काही वेळेवर येईनात. मेंबर लोक थोडेच थांबतात? संध्याकाळ झाली की अर्ध्याच पंख्यांवर नेमबाजी सुरू. झाडलोट आमच्याकडंच होती, म्हणून मी मागं थांबायचो.

त्या संध्याकाळी मला अजून स्वप्नातल्यासारख्या दिसतात. कानावर आवाज अडवणारे मफ चढवले की गोळीचा आवाज फार लांबच्या घरात कोणी दारावर थाप मारावी तसा यायचा. दिव्यांखाली निळसर धुराचा पापुद्रा हळूहळू सरकत राहायचा, पुन्हा मागं यायचा. नेमबाज त्यात कमरेपासून वर पुसट झालेले. मला वाटायचं आपण सगळेच पाण्याखाली उभे आहोत, कोणाला कसली घाई नाही. आणि मग घशात ते बोचायला लागायचं.

खोकला लागला तो जाईचना. सार्सची साथ ओसरून वर्ष होत आलं होतं, तरी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कोणी खोकलं की शेजारचा उठून दुसऱ्या डब्यात जायचा. त्यात माझं परमिट रिन्यू व्हायचं होतं आणि त्यासाठी छातीचा एक्स-रे. आमच्या डॉर्मिटरीतल्या एका वेल्डरच्या एक्स-रेत डाग दिसला, तेव्हापासून त्याचा पलंग रिकामाच होता. परत जाऊन मी करणार काय? नववी नापास माणसाला पुन्हा चुलवाणच. मी शर्टाची कॉलर तोंडात धरून खोकायला शिकलो.

गोह अंकल बघत असायचे. त्यांची काडतुसं भरायची खोली जाळीच्या खिडकीची, कायम कुलूपबंद. क्लबाच्या परवान्यावरचं काम, आत फक्त तेच जायचे. जाळीतून त्यांचं टक्कल आणि एक पिवळा दिवा तेवढा दिसायचा. एका संध्याकाळी मेंबर यायच्या आधी त्यांनी मला हाक मारली.

"यू, इंडिया. कम, कम. स्टँड बिहाइंड."

त्यांनी तीन वेगवेगळ्या पावडरींची काडतुसं भरून आणली होती. एकेक प्रकार झाडायचा, पिस्तुलाची नळी पांढऱ्या कापडानं पुसायची आणि कापड क्लिपला टांगायचं, असं चाललं होतं. प्रत्येक वेळी आधी कापडाकडं बघायचे, मग वळून माझ्याकडं. बराच वेळ. वाटलं, संपलं, हे आता सुपरवायझरला सांगणार. मी श्वास रोखून धरला, तरी पहिल्या दोन वेळा खोकला फुटलाच. तिसऱ्या वेळी मात्र आपोआप शांत राहिलो.

"ओके. धिस वन."

मधलं कापड जास्त पांढरं निघालं होतं. मी भीत भीत तिकडं बोट केलं.

"यू शूटर, आह?" ते म्हणाले आणि कापडं गोळा करून आत गेले.

नवी पावडर सुरू झाली. हॉलमधला तो निळा पापुद्रा विरळ झाला, पलीकडची भिंत दिसायला लागली. अंकलनी सगळ्यांना सांगितलं, ओल्ड आइज ला (हा 'ला' इथं सगळेच वाक्याला जोडतात), धुरात टार्गेट दिसत नाही. क्लबात एक मराठी मेंबर होते, कुलकर्णी साहेब. टॅम्पिनीसला राहायचे आणि तांजोंग पगारच्या ऑफिसातून तसेच टाय लावून यायचे. झाडू मारता मारता माझ्या तोंडून "आई गं" निघालं, तेव्हापासून आमची ओळख. ते एकदा वैतागूनच म्हणाले,

"डोळ्यांसाठी म्हणे! अरे, जुनी पावडर फुगीर होती. काडतुसाच्या पुंगळीत चुकून दोनदा पडली तर बाहेर सांडायची, आंधळ्यालाही कळलं असतं. ही इतकीशी लागते की तळाला दिसतसुद्धा नाही. दोनदा पडली तर पिस्तूल फुटेल हातात. म्हणून म्हातारा आता एकेका पुंगळीत टॉर्च मारून बघत बसतो. डोळे वाचवतोय की फोडतोय?"

"मग बदलली कशाला, साहेब?"

"मला विचारतोस? त्यालाच विचार की!"

मी जाळीपाशी गेलो. अंकल आत खाली वाकून टॉर्च मारत होते. एक पुंगळी झाली की डोळा चोळायचे, मग दुसरी.

"अंकल, युवर आइज बेटर?"

"आइज? सेम ला." त्यांनी मान वर केली नाही. "यू कॉफ, आय मिस. सो नॉइझी, यू."

कापडांकडं बघून ते वळायचे ते कशासाठी, ते आता कळलं.

एक्स-रे स्वच्छ आला. पावडरीमुळंच आला असं डॉक्टर म्हणणार नाहीत, मीही तसा हट्ट धरत नाही. पण मी झोपायला लागलो होतो, कॉलर सोडून श्वास घेत होतो. फोनकार्ड घासून आईला सांगितलं, परमिट वाढलं. ती म्हणाली, "आवाज मोकळा वाटतोय रे तुझा." सुनंदानं फोन घेतला आणि आधी लेकीच्या कानाला लावला.

आता डक्टचं काम मी दुसऱ्यांना शिकवतो. घर कुठलं विचारलं तर कोरेगावच सांगतो. माझी माणसं तिथं आहेत. पण मला त्याचा एवढाच अर्थ पुरत नाही आता. आपला दम लागलेला कोणाला तरी ऐकू जातो आणि तो न सांगता स्वतःचं काम अवघड करून घेतो, तिथंही माणूस घरातच असतो. मग आपल्याला त्याचं आडनाव लिहिता येवो न येवो.

अंकलनी क्लब सोडला. सेम्बावांगला मुलीच्या फ्लॅटमध्ये असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की "नेक्स्ट इयर ला" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतात. इतकी वर्षं बंदुकीच्या दारूत हात घातलेला माणूस सुईला घाबरतो. वाढवा म्हणावं आवाज. ज्या दिवशी तयार होतील त्या दिवशी मी रजा टाकीन, हाताला धरून नेईन, आणि पट्टी निघेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालायचं काम माझं. मुलीलाही हात लावू देणार नाही. अंकल, हे मी फेडीन.