भोरचं घर हप्त्यांनी विकलं तेव्हा

यजमान भोरला शाळेत मास्तर होते. पुण्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी त्यांना लागली आणि आमचं भोरचं घर विकायचं ठरलं. एकरकमी पैसे देणारं गिऱ्हाईक मिळेना. मग त्यांनी ठरवलं की थोडा इसार घ्यायचा, बाकीचे पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे आणि सगळे फिटले की खरेदीखत करून द्यायचं. सावकार मध्ये नको, आपणच थांबू, असं ते म्हणाले.

जाहिरातीचा मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला. हवेशीर घर, बाजारपेठ जवळ, बारमाही विहीर.

"बारमाही काढा," मी म्हणाले. "चैत्र संपला की विहिरीचा तळ दिसतो. मी नदीवरून पाणी आणते ते काय हौस म्हणून?"

"जाहिरातीत असं कोणी लिहीत नाही. बघायला येतील त्यांना तोंडी सांगू."

"बघायला श्रावणात येतील. विहीर भरलेली दिसेल आणि सांगायचं राहून जाईल."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पण छापून आलं त्यात होतं, की विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकत नाही आणि मागच्या पडवीची कौलं बदलायला झाली आहेत. शाळेतल्या सोबत्यांनी त्यांची थट्टा केली. गिऱ्हाइकंही फारशी आली नाहीत. जी आली ती या दोन ओळींवर बोट ठेवून किंमत पाडून मागत. मजकूर बदलायला मी लावला होता, त्यामुळे मला कानकोंडं व्हायचं.

शेवटी एक बाई आली. कचेरीच्या कामाला खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांसाठी ती बाजारात भाड्याच्या जागेत खानावळ चालवायची. नवरा वारलेला, सासर जवळच्या उत्रोलीचं. तिनेही किंमत पाडून मागितली, पण हप्ते किती जमतील ते स्वच्छ सांगितलं.

यजमान तिची चौकशी करायला उत्रोलीला गेले. तिच्या दिराने सांगितलं, ती बाई उधळी आहे, तिच्या नादी लागू नका. यजमान परत आले ते व्यवहार मोडायचा ठरवूनच.

"पण दीर असं का म्हणाला?" मी विचारलं. "तिने जमिनीत वाटा मागितलाय, हे भोरात सगळ्यांना माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मीच तिच्या खानावळीत गेले. ती भाकऱ्या थापत होती. दिराचं बोलणं मी तिला सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"दिराला काय इचारायचं, वैनी? म्या त्याच्याकडनं काय घेतलंय? जळणवाल्याला इचारा. वाण्याला इचारा. ह्या जागेच्या मालकाला इचारा, भाडं कधी थकवलंय का."

मी तिघांनाही विचारलं. वाणी म्हणाला, एकदा थकलं होतं, मूल आजारी होतं तेव्हा, पण थकणार हे ती आधी येऊन सांगून गेली होती. घरमालकाची काहीच तक्रार नव्हती. जळणवाल्याला तर आपलं गिऱ्हाईक आमच्या आळीत गेलं तर लाकडं तिकडे कोण पोचवणार, याचीच काळजी.

इसार घेऊन ती आली तेव्हा तिने यजमानांना विचारलं, "मास्तर, घरावर कुणाचं गहाण न्हाई नव्हं? आन् तुमच्या धाकल्या भावाची सही लागंल. माज्याकडं जेवाया येणारा वकिलाचा कारकून म्हनला, इचारून घे."

यजमानांचा चेहरा उतरला. आपलीही चौकशी होईल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. पण घर वडिलांचं होतं आणि भावाला त्यांनी नुसतं कळवलं होतं. माझे हे धाकटे दीर तेव्हा मिरजेला होते. त्यांना बोलावून घेतलं, त्यांची सही झाली, मगच तिने इसार पदरातून सोडला. तिच्या जागी मी असते तर विचारायला धजले असते का, हे मला अजून सांगता येत नाही.

आम्ही पुण्याला आलो. पुढे लढाई सुरू झाली, तांदूळ मिळेनासा झाला आणि तिची खानावळ जेमतेम चालू लागली. एके दिवशी ती सर्व्हिस मोटारीने पुण्याला आली. हप्ता द्यायला अजून अवधी होता.

"ह्या खेपेला जमायचं न्हाई, फुडच्या खेपेलाबी जमंल असं वाटत न्हाई," ती म्हणाली. "आधी सांगावं म्हनून आले."

हप्ते चुकले तर घर परत घ्यावं, असं करारात वकिलाने घातलं होतं. नेमकं त्याच सुमारास एक ठेकेदार भोरच्या घरासाठी रोख पैसे घेऊन मागे लागला होता. लढाईने घरांच्या किमती चढल्या होत्या आणि आमच्या थोरल्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. 

तिसऱ्या दिवशी यजमान म्हणाले, "ठेकेदाराला नको म्हणून कळवतो."

"लग्नाचं?"

"लग्न साधं करू."

मला लगेच बरं वाटलं असं नाही. मुलीच्या अंगावर घालायला काय उरेल, याचाच हिशोब माझ्या डोक्यात फिरत राहिला. लग्न साधंच झालं. राहिलेले हप्ते तिने लढाई संपल्यावर फेडले.

खरेदीखत झालं त्या दिवशी तिने आम्हाला जेवायला बोलावलं. सोवळंओवळं पुण्यात राहून आमचं सैल झालं होतं, म्हणून गेलो. स्वयंपाकघराची भिंत तिने पाडली होती. माझ्या देवघराच्या जागी माणसं पंगतीला बसली होती आणि कोणी कोणी मोठ्याने हसत होतं. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला.

"वैनी, कालवण तिखट झालं का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.