जाळा म्हणालो, मीही म्हणालो

"बाप मेलेला कोण आहे रे आपल्यात?"

शेखरनं कॉलेजच्या फाटकात सगळ्यांसमोर विचारलं. पंधरा-वीस पोरं जमली होती. बांबूची तिरडी तयार होती. तिच्यावर गवताचा मंत्री बांधलेला, डोक्यावर टोपी, गळ्यात फाटक्या चपलांची माळ. दुष्काळाचं साल होतं. रेशनची लाल ज्वारी किडकी येत होती, म्हणून मंत्र्याची प्रेतयात्रा काढायची ठरली होती. देवपुरातून निघायचं, पांझरेच्या पुलावरून कलेक्टर कचेरीपर्यंत जायचं. फक्त विस्तवाचं मडकं धरून पुढं चालायला माणूस मिळेना. ज्याचा बाप जिवंत, तो मडकं धरत नाही. खोट्या प्रेताचं असलं तरी बापावर यायचं! सरकार उलथायला निघालेली पोरं, पण मडक्याला हात लावायला एक जण पुढं येईना.

शेखरनं माझ्याकडं बोट केलं. "हा आहे ना. याला बाप नाही. आणि यांच्या लोकांना सवयच असते असल्या कामाची."

पोरं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

शेखर कापसाच्या जिनिंगवाल्या शेठचा मुलगा, कॉलेजातल्या पोरांचा पुढारी. मी पहूरच्या महारवाड्यातला. सरकारी वसतिगृहात राहायचो, स्कॉलरशिपवर शिकायचो. आई तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. शेखरनं नावानं हाक मारली की मला दिवसभर बरं वाटायचं. इतका येडा होतो मी.

मडकं धरलं. गोवऱ्यांचा विस्तव होता, दोरी बोटांना चटके देत होती. बाप मेला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा चुलत आबांनी बजावलं होतं, "पोरा, मडकं घेतलं की मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर मेलेला माघारी येतो." ते डोक्यात पक्कं बसलं होतं. गवताचा मंत्री कुठला माघारी येतोय! पण मी वळलो नाही. मडक्यातल्या विस्तवावर नजर ठेवून चालत राहिलो.

मागून शेखर ओरडायचा, "मंत्र्याचं काय करायचं?"

"जिवंत जाळा!"

"परवा धुळ्यात आला तर?"

"तुकडे करा!"

मीही ओरडत होतो. खोटं कशाला सांगू? माझाच आवाज मोठा होता. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. जन्मात पहिल्यांदा माझ्या आवाजाला कुणी वळून बघत होतं. गोड वाटलं ते मला.

पूल अर्धा झाला तशा घोषणा विरळ होत गेल्या. मला वाटलं, पोरं दमली. मग नुसती माझीच "जिवंत जाळा" राहिली. समोर पाहिलं तर लाठ्या घेतलेले पोलीस. तेव्हा वळलो. मागं कुणी नव्हतं. तिरडी पुलाच्या मधोमध टाकलेली, मंत्र्याची टोपी वाऱ्यानं कठड्याला लागलेली. पोलीस पुलाच्या तोंडाशी दिसले तेव्हाच बाकीचे पळाले होते. एकालाही मला हाक मारावीशी वाटली नाही.

ठाण्यात मला जमिनीवर बसवलं. फौजदार म्हणाला, "मंत्र्याला जाळणार तू? विस्तव हातात घेऊनच निघालास की!" आणि कानाखाली वाजवली. खुनाची चिथावणी, पाच-सात वर्षं आत, असं काय काय तो बोलत होता. मला ऐकू येत होतं, कळत नव्हतं. लघवीला जाऊ का, हे विचारायची हिंमत होईना. डोळ्यांपुढं आई. तिला कोण सांगणार? पोरगा साहेब होईल म्हणून ती उन्हात खडी फोडत होती. स्कॉलरशिप गेली, वसतिगृह गेलं, मी जेलात गेलो, तर ती काय करील? मेली असती ती.

दुपारी शेठ आला. त्याला खुर्ची मिळाली, चहा आला. मागं शेखर उभा, कपडे बदलून, केस विंचरून. त्याचं नाव ठाण्यात पोचलं होतं, ते मिटवायला बाप आला होता. फौजदारानं माझ्यापुढं कागद सरकवला. घोषणा मी एकट्यानंच दिल्या, बाकीचे मला आवरत होते, असं त्यात लिहिलेलं.

शेठ गोड आवाजात म्हणाला, "सही कर. आठ दिवसांत सोडवतो तुला. आईला जिनिंगात लावून घेतो."

मोठ्यांच्या नादी लागू नको म्हणून दारातला म्हातारा हवालदारही अहिराणीत समजावू लागला, "करी टाक ना भो सही. मोठा लोकेसना नादले लागू नको. तुले कोन इचारस आठे?" खरंच, इथं मला कोण विचारणार होतं!

मी पेन उचललं. हो, उचललं होतं. भीतीनं माणूस काहीही करतो.

तेवढ्यात शेखर फौजदाराला म्हणाला, "साहेब, असली भाषा आमच्या तोंडी येतच नाही. यांच्या वस्तीत चालतं हे."

यांच्या वस्तीत!

माझी आई शिव्या देते. बकरीला मुडद्या म्हणते, मला मेल्या म्हणते. पण माणूस जाळा असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं, तेव्हा गावातल्या वरच्या आळीच्या लोकांनी आमच्या मामाचं घर पेटवलं होतं. तेव्हा बाहेर उभे राहून "जाळा, जाळा" कोण ओरडत होतं, ते आईनं ऐकलं होतं. मामी आतून पोराला घेऊन कशी निघाली तेही तिनं पाहिलं होतं. हा शब्द आमच्या वस्तीनं ऐकलेला होता. आणि मी तोच आज भर पुलावर, मिटक्या मारत बोललो होतो. किडक्या ज्वारीबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. पीठ चाळताना आई त्यातल्या अळ्या वेचते, हे सांगायला माझ्याइतका हक्काचा माणूस त्या मोर्च्यात नव्हता. ते राहिलंच.

मी पेन खाली ठेवलं. फौजदाराकडं बघून बोललो.

"जाळा म्हणालो. मीही म्हणालो. पण शेखर विचारत होता आणि सगळे म्हणत होते. लिहायचं तर एवढं सगळं लिहा. एकट्याचं लिहिलं तर सही करणार नाही."

"माजला का रे?" फौजदारानं पुन्हा मारलं. ओठ फुटला. शेठ उठून उभा राहिला. शेखर माझ्याकडं बघेना.

दोन दिवस कोठडीत ठेवलं. पुन्हा पुन्हा कागद यायचा, दर वेळी मार पडायचा, दर वेळी मी तेच सांगायचो आणि रडायचो. खरं लिहिलं असतं तर शेठचा मुलगाही आत आला असता. म्हणून पोलिसांनी काहीच लिहिलं नाही. मंत्री येऊन गेल्यावर मला हाकलून दिलं. वसतिगृहातून मात्र माझं नाव कमी झालं. ट्रंक उचलली आणि पहूरच्या गाडीत बसलो. आईसमोर उभं राहून सगळं सांगितलं, माझी घोषणाही. ती म्हणाली, "तू बी जाळा म्हने?" फौजदाराच्या माराहून ते जास्त लागलं.

माझी भीती गेलेली नाही. खाकी कपडा दिसला की अजून रस्ता बदलतो. सभेत बोलायला उठलो की आधी दारात पोलीस आहे का बघतो. असू दे. दुसऱ्याची घोषणा मी पुन्हा तोंडात घेणार नाही. कुणालाही, कितीही मोठा चोर असो, जाळा म्हणणार नाही. आणि त्याच्या चोरीबद्दल बोलल्यावाचून राहणारही नाही. त्याच्या तोंडावर बोलेन, नाव घेऊन बोलेन. मग लावा काय कलम लावायचं ते. जबाब माझ्या शब्दांत लिहा, खाली सही मी करतो.