नीट पुन्हा देणार नाही

बारावीनंतर नीटचा निकाल लागला आणि मेडिकलला लागतील एवढे गुण मला पडले नाहीत. घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. आई ताट वाढताना माझ्याकडं बघायचं टाळायची. शेवटी मीच सांगून टाकलं, "मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मला जीवशास्त्रात बीएस्सी करायची आहे." शांतता मोडली, पण माझ्या बाजूनं नाही.

कडेगावजवळच्या आमच्या गावात बीएस्सी म्हणजे कुठंच न लागलेल्या पोरांची सोय. शेजारच्या घरातले चुलते, आमचे तात्या, म्हणाले, "बीएस्सी करून काय फुलपाखरं धरत हिंडणार हायस?" वडील, म्हणजे आप्पा, सैन्यातून निवृत्त झालेले. ते आधी सगळं ऐकून घेतात आणि मग हुकूम सोडतात. "एक वरीस रिपीट कर," ते म्हणाले. "सांगलीला क्लास लय चांगला हाय."

जीवशास्त्रच का, हे कुणी विचारलं नाही. उसाच्या मुळाला हुमणी लागते, बोटाएवढी जाड पांढरी अळी. ती मुळं खाते आणि उसाचं बेटच्या बेट वाळतं. त्या उन्हाळ्यात रान उकरताना मला एक मेलेली हुमणी सापडली, खडूसारखी कडक, अंगभर हिरवी भुकटी बसलेली. आम्ही तर औषध टाकलंच नव्हतं. हुमणी मेली म्हणून घरच्यांना बरं वाटलं. मला मात्र ती कशानं मेली हे कळल्याशिवाय चैन पडेना. मी ती एका बाटलीत भरून ठेवली.

मग मी कॉलेजं शोधायला लागले. मोबाइलवर सगळी सारखीच दिसायची. हिरवळ, हसणारी पोरं, पांढरे कोट. कॉलेजांना मिळालेली मानांकनाची ए, बी अशी अक्षरं वाचून वाचून डोळे दुखले. एक गोष्ट मात्र लक्षात आली. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या पदवीवर नाव एकाच विद्यापीठाचं येतं. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. फरक असला तर तो शिकवणाऱ्यांत आणि प्रयोगशाळेत, आणि तो मोबाइलवर दिसत नाही. तिथं जाऊनच बघायला हवं.

पुण्याचं एक खासगी विद्यापीठ बघायला आप्पा खुशीनं आले. मोठं नाव होतं ना. तिथल्या प्रवेश विभागातल्या बाईंनी आम्हाला जिम दाखवली, कॅन्टीन दाखवलं, वसतिगृहातल्या थंडगार खोल्या दाखवल्या. मी म्हटलं, "प्रयोगशाळा बघायची होती." ती बंद होती. काचेतून आत बघितलं तर सूक्ष्मदर्शकांवर प्लॅस्टिकची आवरणं तशीच होती. "नीटला कमी पडले का?" बाईंनी गोड आवाजात विचारलं. "तशीच बरीच मुलं येतात आमच्याकडे."

"मी तशी आलेली नाही," मी म्हटलं. आप्पांनी माझ्याकडं चमकून बघितलं.

सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा चांगली होती, पण तिथले सर सारखं एकच सांगत होते, बायोटेक घे, नुसत्या जीवशास्त्राला विचारतंय कोण. माझी बाटली त्यांनी दुरूनच बघितली आणि म्हणाले, "हे तिसऱ्या वर्षाला येतं."

तेवढ्यात आप्पा आणि तात्यांनी मिळून मला न विचारता क्लासला नाव घातलं. "कागदपत्रं घे, सांगलीला जाऊ," एवढंच आप्पा म्हणाले. कशाला, ते मला सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर कळलं.

"मी क्लासला येणार नाही," मी तिथंच उभी राहिले.

"आगं, माणसं बघत्यात."

"बघू देत. मी नीट पुन्हा देणार नाही. या वर्षी न्हाई, पुढच्या वर्षी न्हाई."

"मग काय करणार हायस?"

समोर साताऱ्याची एसटी लागली होती. साताऱ्यातलं एक कॉलेज बघायचं राहिलं होतं. मी सरळ गाडीत चढले आणि खिडकीशी बसले. उतरायचं नाही हे पक्कं होतं. कंडक्टरनं घंटी मारली तसे आप्पाही चढले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ते पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले. कराड आलं, गेलं. तिकीट मात्र त्यांनी दोघांचं काढलं होतं.

साताऱ्याचं ते कॉलेज जुनाट. विभागप्रमुख मॅडम कपाटातल्या बरण्या पुसत होत्या. त्यांनी आमचं स्वागत वगैरे काही केलं नाही. सकाळी कॉलेज बघायलाच निघालोय असं समजून मी बाटली पिशवीत घेतली होती, ती पुढं केली. त्यांनी झाकण उघडलं, भिंगातून बघितलं आणि खुर्ची ओढून मला म्हणाल्या, "बस. तूच स्लाइड कर."

सुईनं थोडी भुकटी काचेवर घेतली, निळ्या रंगाचा थेंब टाकला. आधी काही दिसेना. मग सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू जरा फिरवला आणि बारीक मण्यांच्या माळाच माळा दिसल्या. मॅडम म्हणाल्या, ही बुरशी. किड्याच्या कातडीतून आत शिरते, आत वाढते आणि त्याला मारून बाहेर येते.

"नक्की कुठली?" मी विचारलं.

"वाढवून बघितल्याशिवाय सांगणार नाही. अंदाजानं नाव ठेवायचं नसतं." मग त्या आप्पांकडं वळल्या. "खोटं सांगत नाही. आमच्याकडं माणसं कमी आहेत, निम्मी उपकरणं जुनी आहेत. पण शिकायचं असेल तर हिला कुणी अडवणार नाही."

आप्पांनीही डोळा लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले. "त्या बाईंनी स्वतःची कमी आधी सांगितली," ते म्हणाले. "त्या पुण्यावाल्यांनी जिम सांगितली." क्लासचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. तात्यांनी काढला, तर त्यांनाच गप्प केलं.

मी साताऱ्यात प्रवेश घेतला. सगळं गोड झालं असं मुळीच नाही. दुसऱ्या सत्रात एक शिक्षक सोडून गेले आणि आमची प्रात्यक्षिकं बंद पडली. वहीत आकृत्या उतरवून काढा, असं आम्हाला सांगण्यात आलं. मी वर्गातल्या पोरींना घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसले. आकृत्याच काढायच्या असत्या तर घरीच बसलो असतो, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते रागावले. आम्ही दुसऱ्या दिवशीही जाऊन बसलो. त्याच आठवड्यात मॅडमच्या देखरेखीखाली प्रयोगशाळा उघडी ठेवायचं ठरलं, आणि नव्या शिक्षकांची जाहिरातही निघाली.

गावापर्यंत बातमी पोचायला वेळ लागत नाही. आप्पांचा फोन आला.

"प्राचार्यांशी भांडलीस म्हणं?"

"व्हय."

"मागितलेलं मिळालं का?"

"मिळालं."

"मग जेवून घे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.