दोदोलाच्या आठ वड्या

आमच्या चर्चमध्ये शांती पोचवण्याची सोय उत्तम आहे. मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजाऱ्याकडे वळतात. पूर्वी हात मिळवावा लागे. साथीच्या काळात ते बंद झालं, नमस्कार आला, तो राहिलाच. नमस्कार बरा पडतो, तो नक्की कुणाला केला हे ठरत नाही. माझी आई पुढच्या बाकावरून वळून, साधारण पंख्याच्या उंचीवर, मागच्या उजव्या बाकाच्या दिशेने हात जोडते. तिथे काकी बसते. काकीही पंख्यालाच हात जोडते. रेडीच्या अलीकडे आमची वाडी, तिथे दोघींची घरं हाकेच्या अंतरावर. पण तीन वर्षांत एकमेकींना मिळालेली शांती एवढीच.

भांडण एका डब्यावरून झालं. मी बारावी पास झाले, आमच्या घरातली पहिलीच. आईने पेढ्यांचा डबा माझ्याच हाती काकीकडे धाडला. काकीचा मुलगा त्याच दिवशी नापास झाला होता. पेढे नेमके त्याच संध्याकाळी पोचावेत, असं आईला प्रेमापोटीच वाटलं असणार. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तो रिकामा आला. माझ्या यशाने काकीच्या पोटात दुखलं, हे आईने विहिरीवर, बाजारात आणि रोझरी संपल्यावर सगळ्यांना सांगितलं. रोझरी संपायच्या आधी मात्र नाही. त्या बाबतीत आई काटेकोर.

डबा रिकामा नव्हता. काकीने त्यात दोदोल घातलं होतं, गूळ आणि नारळाच्या रसाच्या काळ्या, मऊ वड्या. आठ होत्या. परतताना मी त्या वाटेतल्या काजूच्या झाडामागे उभी राहून खाल्ल्या. सहा झाल्यावर दोनच घरी न्यायला लाज वाटली, म्हणून त्याही.

त्याच दिवशी सांगितलं असतं तर ओरडा बसला असता. आठवड्याने सांगितलं असतं तर आई वाडीत खोटी पडली असती. पुढे भांडण इतकं मोठं झालं की आठ वड्यांचं कारण त्याला शोभलं नसतं. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गेले की मी फादरना सांगायचे, गोडाचा मोह झाला आणि थोडं खरं लपवलं. यात खोटं काहीच नव्हतं. प्रायश्चित्त म्हणून दिलेल्या प्रार्थना मी मन लावून म्हणायचे. घरी आई काकीविषयी बोलू लागली की मान डोलवायचे.

शिवाय कॉलेजात जाते म्हणून मिस्सात बायबलचं वाचन माझ्याकडे. खरेपणा, क्षमा, प्रेम, सगळं मी शुद्ध मराठीत वाचलं. लोक म्हणत, चेडू किती मनापासून वाचतं. मलाही तसंच वाटायचं. यंदा एका रविवारी ओठांनी एक बोलून मनात दुसरं ठेवणाऱ्यांवरचा उतारा आला. मी वाचताना एकदा आईकडे पाहिलं, एकदा काकीकडे. त्यांना कळतंय का, एवढंच बघायचं होतं.

बाहेर आल्यावर काकी जवळून जाताना म्हणाली, "बरा वाचलंस गो." टोमणा आहे की कौतुक, ते मला कळेना. दुपारी मी तिच्याकडे गेले. ती खोबरं खवत होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. खवणं थांबलं नाही.

मग आईला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. आवाज थोडा चढलाच माझा, जणू चूक तिची होती.

"तुझ्या आवशीन इचारूक नाय. तिका भांडाक कारण होया होता. खरा सांगू, माका पण." तिने खोबरं ताटात झाडलं. "आणि तू थंय उभी रवान वाचतंस मगे. माका वाटला, आज सांगशीत, फुडल्या आयतवारी सांगशीत. तीन वर्सां वाट बघलंय."

 तिने बस म्हटलं, मी बसले नाही.

घरी आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. कॉलेजची, वाचनाची भाषा तोंडात येत होती, ती बाजूला ठेवली.

"आये, त्यो वडयो मीया खाल्लंय."

आईने सूप खाली ठेवलं. "खंयच्यो वडयो?"

मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.