आबांचा नातू आणि पातळ औषध

शिस्त नावाची गोष्ट देवपुरात आपणच आणली, असं आमच्या शेजारच्या आबांचं मत होतं आणि ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. निवृत्तीनंतरही त्यांच्यातला मुख्याध्यापक रोज कामावर हजर असे. दारातल्या चपला प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या रांगेत असत. आमच्या कुकरनं एखादी शिट्टी जास्त केली तरी ते कुंपणापाशी येऊन खाकरत. स्वतः अहिराणीत वाढलेले, पण घरात अहिराणीला बंदी. शुद्ध बोलण्यानं माणूस निम्मा सुधारतो आणि उरलेला निम्मा आपल्या व्याख्यानानं, असा त्यांचा हिशेब होता. बालसंगोपनावर ते पांझरेच्या दोन्ही काठांवर बोलत. समोरची मुलं पेंगू लागली की तेही ते शिस्तीतच धरत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांची मुलगी चार वर्षांच्या नातवाला घेऊन भडगावहून आली. कापसाचा हंगाम आला की पोराचा दमा उसळायचा. धुळ्याच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. त्यानं छाती मोकळी झाली आणि पोरगाही मोकळा सुटला. चमचा पोटात गेला की थोड्या वेळानं हात थरथरायचे, डोळे चमकायचे, आणि तो खिडकीच्या गजांना लटकून भडगाव स्टँडवरच्या सगळ्या एसट्या पुकारायचा. चपला त्यानं गच्चीवरून गल्लीत वाटून टाकल्या. मुलगी म्हणे, हे औषधामुळं होतंय. आबा म्हणत, औषधात असलं काही नसतं, संगोपनात असतं.

मग एका संस्थेची माणसं व्याख्यानाचं आमंत्रण घेऊन येणार असं ठरलं. औषध मी पाजतो, तू स्वयंपाकाचं बघ, असं सांगून आबांनी आदल्या संध्याकाळी बाटली ताब्यात घेतली आणि कपाटात बंद करून ठेवली. सकाळी पाहुणे आले तेव्हा नातू कोपऱ्यात गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. पोहे संपले तरी हलला नाही. पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केलं. मीही शेजारधर्मानं मान डोलावली.

"काही नाही, थोडं वळण लावावं लागतं," आबा म्हणाले.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिनं पोराकडं पाहिलं आणि ट्रे जमिनीवरच ठेवला. त्याच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता.

"आबा, तो गुमचूप नई बठना. त्याले दम लागेल शे."

आबांनी तिची भाषा सुधारली नाही. पोराला उचलून ते अनवाणीच रस्त्यावर धावले आणि रिक्षावाल्याला हाका मारू लागले, त्याही अहिराणीत.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोराच्या ओठांवर रंग आला, मग त्यांनी आबांकडे मोर्चा वळवला. काही मुलांना या औषधानं असं होतं. मला सांगायचं, मी बदलून दिलं असतं, आपल्या मनानं बंद करायचं नाही. आबा उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखे उभे राहून ऐकत होते.

नव्या औषधानं दंगा कमी झाला, संपला नाही. गल्लीतून तक्रार आली तर आबा म्हणत, "ओरडू द्या हो. ओरडायला श्वास लागतो." संगोपनावरची व्याख्यानं त्यांनी सोडली आणि ते स्वच्छतेकडे वळले.

पोरगा मोठा झाला, दमाही मागे पडला. कॉलेजात गेल्यावर सुट्टीत येई तेव्हा आतल्या खोलीत तासन्‌तास पुस्तक घेऊन बसे. घर कसं निवांत. आबा तेव्हा खूप थकले होते. ते बाहेरून विचारायचे,

"काय करतोस रे?"

"वाचतोय, आबा."

"मग जरा मोठ्यानं वाच."